ही तुझी मिनिटं नाहीत

१२ जानेवारी, रविवार

फोन ठेवला. तो बोलत असतानाच ठेवला. "अरे पण ऐक ना वश्या, पाळणा जेव्हा..." एवढं ऐकू आलं. मग नुसती खोली.

तोवर कागद वाचून झाले होते. माझ्या कागदावर एकच आकडा, ४४. अ.च्या कागदावर ९, ४४, ५०, ५१, ५२.

मी हसलो. पन्नासाव्या ते बावन्नाव्या मिनिटाला तिथे काही नाही. रिकामा पाळणा, कडीची करकर. कॅमेरा जागचा हलत नाही.

"एकोणीस वर्षांचा असताना व्हिडिओ पार्लरात हाच सिनेमा बघून भ्यायलास," मी म्हणालो. "ते आठवून भितोस. ही भीती नाही, आठवण आहे."

"फरक काय?"

"फरक कळत नसेल तर आकडे लिहू नकोस. तुझी भीती म्हातारी झाली, अन्या."

तो म्हणाला, "नि तुझी मेली. तुला आता कशाचंच भ्या वाटत नाय. घरात हाय कोण तुझ्या, ज्याच्यासाठी भ्यायचं?"

तो लगेच पुन्हा पाळण्यावर आला, जणू आधीचं बोललाच नाही. मी फोन ठेवला.

अकरा वर्षं रविवारी दुपारी दोनला तो रोह्यात, मी पेणमध्ये, एकच सिनेमा एकाच वेळी लावत आलो. ज्या मिनिटाला अंगावर काटा येईल त्याचा आकडा लिहायचा, दुसरं अक्षर नाही. संपल्यावर फोन, आणि फोनवर वाचन. फोन मधेच ठेवण्याची ही पहिली वेळ.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. खालच्या गणपतीच्या कारखान्यातल्या बाईंनी वाटीभर तिळगूळ आणून दिला. बायको असती, सुमन असती, तर वाटी रिकामी परत गेली नसती. मी धुऊन दिली.

सकाळी अ.चा मिस्ड कॉल. घेतला नाही. पुन्हा करेल.

१५ जानेवारी

केला नाही.

१९ जानेवारी, रविवार

सिनेमा निवडायची पाळी त्याची होती. शनिवारी रात्री आठपर्यंत नाव ग्रुपवर येतं. आलं नाही. ग्रुप म्हणजे तिघांचा: अ., मी आणि गडबची रंजना.

रंजनाने विचारलं, "काका, उद्या काय?" उत्तर नाही.

मी आपला एक लावला. नवा आहे. सगळीकडे अंधार, आणि दर पाच मिनिटांनी संगीत सांगतं की आता घाबरा. नव्या सिनेमात प्रेक्षकाच्या आधी कॅमेराच घाबरतो. जुन्यात कॅमेऱ्याला ठाऊक नसे पुढे काय आहे.

कागद कोरा. सिनेमा वाईट होता म्हणून, की वाचून कोणाला दाखवायचं नव्हतं म्हणून, कळत नाही.

२६ जानेवारी, रविवार

काल मीच नाव टाकलं. आमच्यात तो 'दूध' म्हणून राहील. नवा, पण शहाणा. भूत शेवटपर्यंत दिसत नाही, आणि शेवटी कोणी मांत्रिक येऊन खुलासा करत नाही.

चार वाजता अ.चा मेसेज. नुसते आकडे. ६, २९, ३०, ७७.

फोन नाही. मीही नुसते आकडे पाठवले. २२, ८१.

सहाव्या मिनिटाला काय आहे? पुन्हा लावून पाहिलं. बाई गॅससमोर उभी आहे. बाहेरून नवरा हाक मारतो. ती ओ देत नाही. दूध उतू जातं. बस. अ.ला आता दुधाची भीती वाटते. वाटो.

पण आकडे आले. रुसवा धरून का होईना, दोनला तो टीव्हीसमोर बसला.

२९ जानेवारी, बुधवार

गडबला गेलो. रंजनाचं दुकान हायवेला लागून आहे, वडापाव आणि सरबत. तीन वर्षांपूर्वी एसटी बंद पडली तेव्हा तिच्या बाकावर बसलो होतो. ती गल्ल्यामागे मोबाइलवर भुताचा सिनेमा बघत होती आणि गिऱ्हाइकाला चटणी द्यायची विसरली होती. त्याच दिवशी ग्रुपमध्ये घेतली.

आज म्हणाली, "सर, 'दूध' बेष्ट. भूत दिसलं की मज्या गेली. एकदा दिसलं की त्याचं तोंड किती वाकडं केलंय तेवढंच बघायचं."

"अ.ने सहावं मिनिट लिहिलंय," मी म्हणालो. "दूध उतू जातं ते."

"मंग? मला पण तिथंच झालं."

"तिथे काय आहे?"

"तो हाक मारतो नि ती ओ देत नाय. सर, तुमच्या घरात हाक मारायला कोण नाय म्हणून तुम्हाला नाय कळलं."

लगेच जीभ चावली. "तसं नाय ओ म्हणायचं मला." आतून तिच्या सासूचा आवाज, "रंजना गो, पाव आले का नाय?" ती सुटली. दोन आठवड्यांत दोघांनी तेच सांगितलं. नवीन काही नाही त्यात.

येताना कागदात बांधून पोपटीतल्या, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा दिल्या, कोमट. एसटीत खाल्ल्या. सालं खिशात राहिली.

२ फेब्रुवारी, रविवार

'जिना'. जुना, दुसऱ्यांदा. अ.चे आकडे: १७, ३३, ५८.

पहिल्यांदा पाहिला तेव्हाचे त्याचे आकडे वहीत आहेत. अकरा वर्षांचे सगळे आहेत, त्याचे नि माझे. 'जिन्या'ला तेव्हा त्याने ४८ आणि ७० लिहिले होते. म्हणजे जिथे खरोखर कोणीतरी जिना चढतं तिथे. आज दोन्ही नाहीत. त्याऐवजी ३३: म्हातारी दोन ताटं वाढते, एक झाकून ठेवते.

अ. रात्रपाळी करून निवृत्त झालेला माणूस. म्हणायचा, रात्रपाळी केलेल्याला रात्रीचं भ्या राहत नाय, दुपारचं राहतं. म्हणून आमचं दोनला. चढणाऱ्या पावलांना भिणारा माणूस झाकलेल्या ताटाला भ्यायला लागला, हे मला पटत नाही.

फोन नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचे आकडे: ११, १२, ६४. तिन्ही ठिकाणी काही नाही. अकराव्याला एक माणूस खुर्चीत बसलेला आहे आणि बायको त्याच्या शर्टाची बटणं लावते. खुर्चीतला माणूस जिवंत आहे, भुताशी त्याचा काही संबंध नाही.

मला वाटलं, हा बघतच नाही. कोणाला तरी बसवतो आणि मला आकडे पाठवून थट्टा करतो. चार आठवडे फोन नाही आणि वर ही थट्टा.

लिहिलं: "ही तुझी मिनिटं नाहीत. तुझ्या जागी कोण बसतं?"

निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

बरं वाटलं. मग चहा केला. तोवर बरं वाटणं संपलं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

नाव टाकलं. दोनला लावला. आकडे आले नाहीत.

सहापर्यंत फोन उलटा ठेवला, म्हणजे बघायला नको. तरी बघितला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रंजनाचा फोन. दुकानाच्या गोंगाटात ओरडून बोलत होती.

"सर, तुमी एवढे दोस्त नि तुम्हाला ठाऊक नाय? अनंतकाकांना लकवा झालाय. आमचे हे टेम्पो घेऊन रोह्याला गेलेले, तिथं मेडिकलवाल्यानं सांगितलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. वाचा गेलीय."

"पण तो आकडे पाठवत होता."

"तेच तर मी बोलते! मंग पाठवत कोण होतं?"

आमच्या सिनेमांत हे वाक्य कोणीतरी म्हणतंच. इथे कोणाच्याच अंगावर काटा आला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळच्या गाडीने रोह्याला. निडी स्टेशनात गाडी उगाचच उभी राहिली. उतरून परत जावं असं वाटलं. उतरलो नाही. गाडी सुटली.

दार सुलभावहिनींनी उघडलं. "आलात?" एवढंच. जणू निरोप धाडला होता.

खाट बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या समोर. अ. दाढी केलेला, शर्टाची बटणं वरपर्यंत. तोंड डावीकडे ओढलेलं. उजवा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मला बघितलं आणि मान भिंतीकडे फिरवली.

"सगळ्यांनाच तोंड फिरवतात," वहिनी म्हणाल्या. "कोण आलेलं नको. बाहेर सांगू पण देत नव्हते. डाव्या हातानं नाय नाय करायचे."

त्याच्याशी थोडा वेळ बोललो. म्हणजे त्याच्या कानाशी. 'दूध' चांगला होता म्हणालो. भिंतीने ऐकलं.

मग स्वयंपाकघरात. वहिनींनी चहा ठेवला आणि पाठ माझ्याकडे ठेवून सगळं सांगितलं.

"संक्रांतीला तुम्हाला फोन लावला होता. तुमी नाय घेतलात. हे हसले, म्हणाले, रुसलाय लेक. दुसऱ्या दिवशी मोरीत पडले. आता डॉक्टर म्हणतात, आतून किती कळतं ते सांगता येत नाय. नितीन तर म्हणतो, बाबांना काहीच कळत नाय, कुठं ठेवले तरी सारखंच. त्यानं पुण्याला बघून ठेवलंय, असल्या माणसांना सांभाळतात तिथं. होळीला येतोय न्यायला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, कळत नसेल तर ने. कळत असेल तर मी नाय जाऊ द्यायची. रोह्याबाहेर हा माणूस चार दिवस राहिलेला नाय."

चहा गाळला.

"मंग एका रविवारी दोन वाजले नि हे टीव्हीकडं बघाय लागले. यांच्या फोनात तुमी टाकलेलं सिनेमाचं नाव होतं, तो लावला. मला नाय ओ आवडत ही भुताटकी. पस्तीस वर्षं हे बाहेर बघायचे, मी आत लसूण सोलायची. पण बसले. यांचा डावा हात धरून बसले. मधेच घट्ट झाला. म्हटलं, हेच. आकडा लिहिला यांच्यासारखा, नि तुम्हाला पाठवला."

"पण मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुमी दयेपोटी व्हय म्हणाला असता. न सांगता हे आकडे यांचेच म्हणून ओळखलं असतंत, तर ते खरं."

मी कप खाली ठेवला.

"ओळखलंत पण," त्या म्हणाल्या. "'ही तुझी मिनिटं नाहीत.' यांना वाचून नाय दाखवलं."

"वहिनी, ते मी रागाने लिहिलं."

"राग असू दे. खोटं होतं का?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"खरं सांगू, भावोजी? हात घट्ट होतो तेव्हा यांचा होतो का माझा, ते मलाच कळत नाय. यांचं भ्या तुमी माझ्यापेक्षा जास्त ओळखता. तुमीच सांगा."

सांगतो म्हणालो. होळीच्या आधी.

२१ फेब्रुवारी

वह्या काढल्या. सगळे आकडे समोर घेऊन बसलो. खाली कारखान्यात पॉलिश पेपरने मूर्ती घासत होते, दिवसभर तो एकच आवाज.

अ. कशाला भितो: येणाऱ्याला. पावलं, दाराखालची सावली, पाण्यावर वर येणारं काहीतरी. आणि रिकाम्या वस्तू आपोआप हलणं. अकरा वर्षं हेच.

जानेवारी-फेब्रुवारीतले आकडे कशाचे: हाक मारून ओ न येणं. दोन ताटं. बटणं.

ही बाईची भीती आहे. नवऱ्याला हाक मारणाऱ्या बाईची. मी रागाने लिहिलं ते बरोबर होतं.

'दूध' पुन्हा लावला. सहावं मिनिट. तो हाक मारतो, ती ओ देत नाही. दूध चढत जातं. या खेपेला काटा आला, मानेपासून खालपर्यंत. सुमनला शेवटच्या दिवशी मी चार वेळा हाक मारली होती. आजपर्यंत ते कुठल्याच सिनेमात दिसलं नव्हतं, की मी तिथे बघत नव्हतो.

वहीत लिहिलं: दूध, ६.

२३ फेब्रुवारी, रविवार

वहिनींना म्हटलं, आज 'विहीर' लावा. आठ वर्षांपूर्वी पाहिलेला. अ.चे तेव्हाचे आकडे वहीत: १४, ३९, ६६. त्यांना सांगितले नाहीत.

चार वाजता: "३९. ५८."

एकोणचाळिसाव्याला विहिरीतून हात येतो. तिथे खाट पण दचकेल. चौदा नाही, सहासष्ट नाही. अठ्ठावन्नला आई मुलाला हाका मारत शेतभर फिरते.

लगेच दुसरा मेसेज: "काय म्हणता भावोजी?"

चार वेळा लिहून खोडलं. शेवटी पाठवलं: "अजून सांगता येत नाही."

"बरं," त्यांनी लिहिलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गडब. रंजनाला सगळं सांगितलं. ती वडे तळायची थांबली नाही, पण ऐकत होती.

"सांगून टाका ना व्हय म्हणून. काय जातं तुमचं?"

"खोटं होईल."

"देवाला आपण रोज सांगतो, नैवेद्य पोचला म्हणून. तो येऊन सांगतो काय, नाय पोचला?"

"वहिनींना कळेल."

"सर, तुमी मास्तर ते मास्तरच. एक माणूस खाटेवर पडलाय नि तुमी त्याचा पेपर तपासताय."

एका गिऱ्हाइकाने दोन वडे मागितले. तिने दिले, चटणी विसरली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "माझी आजी अशीच होती शेवटी. सगळे बोलायचे, तिला नाय कळत. मी तिच्या पुढ्यात एकदा तिच्या बांगड्यांचं बोलले. दोन दिवस जेवली नाय. बघा तुमी."

परत येताना वाटलं, मी लांबून तपासतो आहे. अकरा वर्षं सगळं लांबूनच केलं. पेण ते रोहा, गाडीने तासाभराचं अंतर, आणि आम्ही एकाही रविवारी एका खोलीत बसलो नाही. शेजारी कोणी असलं की काटा येत नाही, असा आमचा सिद्धांत होता. एकटं असलं पाहिजे. अ.च्या घरात वहिनी होत्या, म्हणजे तो एकटा नव्हता. सिद्धांत माझा असणार.

२ मार्च, रविवार

सिनेमा टाकला नाही. वहिनींनी विचारलंही नाही.

दुपारी दोन ते चार या खोलीत काय करायचं असतं, विसरलो आहे. वह्यांना कव्हरं घातली.

८ मार्च, शनिवार

आठ वाजता ग्रुपवर: "उद्या 'पाळणा'. मी रोह्याला येतो."

वहिनी: "या. जेवायलाच या."

रंजना: "मी पण दोनला लावते. गिऱ्हाईक गेलं उडत."

'पाळणा' का निवडला ते इथे लिहून ठेवतो. तिथे अ.चे सलग तीन आकडे आहेत, पन्नास, एक्कावन्न, बावन्न. ते दुसऱ्या कोणाचे असू शकत नाहीत. हाक नाही, ताट नाही, बाई नाही. तिथे काही नाहीच. फक्त एकोणीस वर्षांचा अन्या आहे.

९ मार्च, रविवार. घरी आल्यावर

वालाचं बिरडं, भात. अ.ला वहिनींनी भरवलं. आज त्याने मान फिरवली नाही. फिरवायचा कंटाळा आला असेल.

पडदे लावले. डावा हात वहिनींचा, म्हणून मी उजव्या बाजूला बसलो. माझ्या वाट्याला उजवा हात आला. थंड, जड. त्यात काही नाही. तरी धरला.

बरोबर दोनला लावला. जुना, यूट्यूबवरचा, प्रिंट धुवून निघालेली. वहिनींच्या मांडीवर कागद आणि पेन्सिल. माझ्या खिशात माझा.

बाराव्या मिनिटाला त्या लिहिताना दिसल्या. एकतिसाव्याला पुन्हा. दोन्हीकडे हाका आहेत. मी मनात म्हटलं, झालं. हे त्याचं नाही, हेच सांगावं लागणार.

अडतिसाव्या मिनिटाला लाईट गेली.

"मेली लाईट!" वहिनी म्हणाल्या. "रोजचं झालंय हे."

"येईल."

कोणी उठलं नाही. पडदे जाड, खोलीत अंधुक. पंखा थांबल्यावर भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज आला. कंपनीने निरोप देताना दिलेलं घड्याळ, सेलवर चालतं. अ. त्याच्याकडेच बघत होता असं वाटलं. खाटेच्या समोरच आहे ते, दुसरीकडे बघायला काही नव्हतंही.

मीही बघत होतो. सिनेमा चालू असता तर कुठे आला असता ते मला पाठ आहे. दोन चव्वेचाळीस: खिडकीतला चेहरा. दोन पन्नास: पाळणा. एक्कावन्न. बावन्न. माझ्या हातात काही नव्हतं. उजवा हात तसाच राहिला. वहिनी पुढे वाकल्या, त्याचं तोंड पुसलं असावं. बावन्न गेलं. पंचावन्न. तीन.

मग जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. "अन्या, त्या दिवशी तू विचारलंस, भीती नि आठवणीत फरक काय. फरक नाही."

वहिनींनी काय ते विचारलं नाही.

साडेतीनपर्यंत लाईट आली नाही. रंजनाचा मेसेज: "पाळण्याला मी पण भ्यायले सर. कशाला ते नाय माहीत." वाचून दाखवला. अ.चे डोळे मिटलेले. झोपला असेल.

निघताना वहिनी दारात आल्या.

"कागद वाचायचे राहिले."

"माझा कोरा आहे."

"माझं या अंधारात मलाच दिसत नाय. सकाळी पाठवते." मग म्हणाल्या, "नितीन गुरुवारी येतोय. तुमी काय ठरवलंत?"

"उद्या सांगतो," म्हणालो. सांगण्यासारखं माझ्याकडे एकच होतं. ते दारात सांगवलं नाही.

निडीला आज गाडी थांबली आणि लगेच सुटली.

१० मार्च, सोमवार. सकाळ

सहा पन्नासला वहिनींचा मेसेज.

"यांचं १२, ३१. मंग लाईट गेली. लाईट नसताना एकदा, लई जोरात. घड्याळात २.५२. टीव्हीवर तर काहीच नव्हतं. हे धरायचं का नाय?"

वही उघडून बघितली. गरज नव्हती.

अ.चा १२ जानेवारीचा कागद त्या घरातच असणार, ९, ४४, ५०, ५१, ५२ असा. वहिनींनी तो बघितला असेल किंवा नसेल. विचारलं नाही.

लिहिलं: "धरा. हे त्याचं." सात दहाला पाठवलं.

दूध तापत ठेवलं, वर येईपर्यंत शेजारी उभा राहिलो. खाली कारखान्याचं शटर उघडलं.

नऊ वाजले. मेसेजवर अजून एकच खूण आहे. रोह्यात लाईट आली की नाही, ठाऊक नाही.